चारा टाकून पाहिल्याशिवाय
कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांत बाने तांड्यावरची बैलजोडी विकली आणि तो माझ्याकडे पांढरकवड्याला आला. आई आधीच गेली होती. "चार दिवस राह्यतो," म्हणाला. मला तो कायमचा हवा होता. रिकाम्या गोठ्यासमोर एकटा बसलेला बाप माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण त्याच्या पायाला भिंगरी. ओसरी, मोरी, परत ओसरी. पाहून पाहून मलाच दम लागायचा.

बसायचा तो एकाच जागी, माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कसली हौस असावी याला काही नियम नाही. पाकिटातलं मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, आणि त्यात दोन नारिंगी जोकर मासे. भारनियमनाच्या एका लांबलेल्या दुपारी हवेचा पंप बंद राहिला आणि त्यातला एक मेला. उरलेला दगडामागे जाऊन बसला, खाईनासा झाला.

"जोडी तुटली का जनावर असंच करते," बा म्हणाला आणि आपले कपडे पिशवीत भरायला लागला. माझं धाबं दणाणलं.

"नागपूरले जाऊ, बा. जोडीले दुसरा आणू. पारख तूच कर."

एके काळी दहा तांड्यांतले लोक बैल पारखायला बाला घेऊन जायचे. आता सगळे विकणारेच, त्याला कोण बोलावणार? म्हणून नागपूरच्या माशांच्या दुकानात तो असा काही ताठ उभा राहिला की मला हसू आलं. एकेका टाकीसमोर वाकून त्याने डोळे पाहिले, कातडी पाहिली, शेपटी पाहिली. दुकानदार वैतागला. "चाचा, मछली है, बैल थोडी है!" बाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी एका काचेवर बोट ठेवून म्हणाला, "हा घे. गरीब हाय. कसा शांत उभा हाय, पाह्य."

तो मासा वर, पाण्याच्या कडेला, कोपऱ्यात तरंगत होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. बैल शांत उभा राहिला तर गुणी. मासा असा उभा राहिला तर आजारी. तो घरी नेला तर टाकीत रोग येणार, उरलेलाही जाणार, आणि मग बाला माझ्या घरात धरून ठेवायला काय राहणार? पण दुकानदारासमोर त्याला चुकलास म्हणायचं, तर त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट मी हिसकावून घेणार. एरवी तोंडाला येईल ते फाडकन बोलणारी मी, तिथे एकेक शब्द तोलून बोलले.

"बा, चारा टाकून पाह्यला काय?"

हा त्याचाच नियम. कामासाठी जनावर घेणारा माणूस आधी चारा टाकतो, ते खाताना बघतो, मगच सौद्याचं बोलतो. दुकानदाराने कुरकुरत चिमूटभर खाद्य टाकलं. कोपऱ्यातला मासा जागचा हलला नाही. खालून मात्र एक आडदांड उसळी मारून आला आणि इतरांच्या तोंडचंही पळवून गेला.

बाने काचेवरचं बोट खाली, त्या आडदांडाकडे सरकवलं. "थो घे," म्हणाला. "अन् पंधरा दिवस येगळा ठेव. नवं जनावर जुन्याच्या दावणीले नाही बांधत." पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं, पण मी शहाणपण दाखवलं नाही.

परतीच्या एसटीत माशाची पिशवी त्याच्या मांडीवर होती. मी खुशीत बडबडत होते, नवा मासा जुन्याशी कसा जमवून घेईल ते सांगत होते. बा खिडकीबाहेर बघत होता. हिंगणघाट मागे पडल्यावर तो एकदम बोलला.

"आपली जोडी नेली ना, बाई, त्या माणसानं चारा टाकून पाह्यलाच नाही, नुसतं वजन इचारलं. मले तवाच समजाले पाह्यजे होतं."