टेकूभाऊजी आणि उंच ओटा

भाऊजी, हे पत्र खरं तुमच्या बायकोनं लिहायचं. पण ती बसलीय उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून, आणि तोंडानं ‘त्यांचं काही चुकलं नाही गं ताई’ चालूच! तेव्हा मीच विचारते. ओटा बायकोला उंच पडत असेल, तर माणूस ओटा उतरवतो की बायकोला चढवतो?

एवढं लिहून थोरल्या मेहुणीनं पेन आपटलं. धाकट्या बहिणीचा हा नवरा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. रसायनशास्त्राची पुस्तकं त्याच्याच हाती यायची. पाण्याच्या सूत्रातल्या दोनासारख्या, अक्षराच्या पायाशी बसणाऱ्या बारीक आकड्याच्या डोक्यावर शिशाची पट्टी ठेवून तो त्याला बरोब्बर खाली उतरवायचा. एखादा खिळा बुटका निघून ठसेना, की त्याच्या बुडाशी कागदाचा कपटा सरकवायचा. मालक खूश. पण हीच विद्या तो घरीही घेऊन आला, तिथं बहिणीचं नशीब फुटलं.

घरातली एक वस्तू धड स्वतःच्या पायावर उभी नव्हती. कपाटाखाली पुठ्ठा, पलंगाखाली वीट, डुगडुगत्या टेबलाखाली चुकलेल्या प्रुफाची घडी. सुतार बोलावू म्हटलं की हा म्हणे, “कशाला? खाली सारू की काहीतरी!” सासरच्यांनी त्याचं नाव टेकू पाडलं, तर गड्याला तो किताब वाटला.

बायको ठेंगणी. उकळतं पातेलं थेट हनुवटीशी यायचं. “गवंडी आणा, ओटा वीतभर उतरवा,” सांगून सांगून मेहुणीची जीभ झिजली. यानं छापखान्यातला खिळ्यांचा रिकामा खण आणून ओट्यापुढे पालथा घातला. बायको त्यावर चढली, आणि एका सकाळी खणासकट घसरली. मनगट मोडलं. पातेलं उलट्या बाजूला कलंडलं, म्हणून तोंड वाचलं.

टपालाची वाट कोण बघतो? मेहुणी पत्र घेऊन स्वतःच दारात हजर झाली. वाचून त्यानं मान खाली घातली. “चुकलंच, ताई.”

“मग रविवारी आपण दोघं गवंड्याकडे जायचं.”

“जायचं म्हणजे जायचं!”

एकटीनं गवंडी आणावा, तर बहीणच दार अडवणार: ‘त्यांना सोडून नको गं.’

रविवारी मेहुणी आली, तर हा ओट्यापुढे ओणवा. आता खण रुंद होता आणि त्याच्या चारी कोपऱ्यांखाली रबर. वर बायको, एक हात गळ्यात, दुसऱ्यात पळी.

“बघ ना ताई, जरासुद्धा हलत नाही!”

“भाऊजी, गवंडी?”

“निघूच, ताई. या कोपऱ्याला एक घडी तेवढी कमी पडतेय.”

मेहुणीनं पायातली चप्पलही काढली नव्हती. गवंड्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती दोघं अजून तिथं गेलेली नाहीत.