चिपाडाची भुकटी

लेकीने उसाच्या चिपाडातल्या लिग्निन या लाकडी घटकापासून केलेली तपकिरी भुकटी ग्लासातल्या गढूळ पाण्यात टाकली आणि हलकेच ढवळली. उद्या गावच्या टाकीवर तुरटीऐवजी हीच वापरून दाखवायची आहे, उतावळ्या सरपंचांसकट सगळ्यांसमोर. गाळाचे पुंजके धरू लागले, पण खाली बसेनात. मी चमचा उचलला.

"आई, हात नको लावूस, पुंजके फुटतील!"

तोवर मी ढवळलं होतं. पाणी पुन्हा गढूळ झालं.

"झालं समाधान?"

काळजी वाटली की मी ढवळते, भातही, माणसंही. तिने दुसरा ग्लास केला. मी हात मांडीखाली दाबून बसले. पुंजके सावकाश उतरले, वर बोटभर पाणी निवळलं.

उद्या टाकीही अशीच सावकाश निवळेल. पण तोवर सरपंचांचे हात कोण धरणार?