बावन्न दिवस मी पिठावर इलाज केला

“हा स्किझोफ्रेनिया आहे,” नागपूरच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या डॉक्टर म्हणाल्या. “मेंदूचा आजार आहे. जे नाही ते माणसाला दिसतं, ऐकू येतं, आणि त्याच्यासाठी ते खरंच असतं. भरती करावं लागेल. किती दिवसांपासून आहे?”

मी म्हणालो, “बावन्न.”

मी मारेगावला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून आहे. आकडे लिहून ठेवायची सवय आहे. त्या बावन्न दिवसांत मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. तरी सांगतो, कारण हे कोणाच्याही घरी होऊ शकतं.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. काट्यावर येणाऱ्या गाडीगाडीत किडका कापूस. गावात दुसरा विषय नव्हता. त्यामुळे माझी बायको सुनंदा पिठात अळी आहे म्हणाली, तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी ज्वारी वाळवली. डब्यात कडुलिंबाचा पाला घातला. चक्की बदलली. तिने अकरा वेळा पीठ फेकलं, अकरा वेळा मी दळून आणलं. मला एकदाही अळी दिसली नाही, तर वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

ती जेवण टाळत होती, न्हाणीत एकटीच कोणाशी तरी बोलत होती. तिकडे मी पाहिलं नाही. शेवटी ‘तुम्हीच अळ्या टाकता’ म्हणत ती शेजारच्या वहिनींच्या अंगावर धावली. तेव्हा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथली चिठ्ठी घेऊन नागपूरला.

आमच्याकडे भांडणात म्हणतात, “तुले नागपूरले धाडा लागते.” म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात; अर्थ सगळ्यांना कळतो. म्हणून मी शेजारी सांगितलं, सुनंदा माहेरी बोरी अरबला गेली. माहेरी फोनवर सांगितलं, ती घरीच आहे, कामात आहे.

भरती केल्यापासून विसाव्या दिवशी सासूबाई मारेगावला दारात उभ्या. वहिनींनी त्यांना विचारलं होतं, सुनंदा कशी आहे तुमच्याकडे?

“जावईबापू, पोरगी माह्याकडे आहे म्हनते हे बाई. मंग मी कोनाले भेटाले आली?”

मी खरं सांगितलं. त्यांनी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, “तुमच्या काट्यावर असंच वजन करता काय? चला, नागपूरची गाडी कोन्ती?”

वॉर्डात सुनंदा शांत होती, पण फार वाळली होती. औषधांनी तिला ऐकू येणारे आवाज कमी झाले होते. ताट समोर आलं की मात्र हात मागे जायचा. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, “अळी नाही म्हणून वाद घालू नका. आहे, असंही म्हणू नका. तिच्यासोबत जेवा.” भेटायला गेलो की मी सोबत बसायचो. तिने किती खाल्लं ते लिहून ठेवायचो.

सासूबाईंनी फडक्यातली भाकर सोडली.

“आई, अळी असन त्याच्यात,” सुनंदा म्हणाली.

“थांब. आधी मी खाऊन पाह्यतो.”

त्यांनी कोर मोडली, चावली, गिळली. त्याच भाकरीचा दुसरा तुकडा लेकीपुढे धरला. सुनंदाने आईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि घास घेतला. त्या दिवशी तिने दीड भाकर खाल्ली. मी इतके दिवस पीठ चाळलं होतं. तिच्या भाकरीतला घास कधी घेतला नव्हता.

भरतीच्या एकेचाळिसाव्या दिवशी सुट्टी झाली. “बरं वाटतं म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका,” डॉक्टर म्हणाल्या. त्या वॉर्डातल्या सिस्टर, आया, डॉक्टर, कोणीही सुनंदाशी मोठ्या आवाजात बोललं नाही. ज्या गावाचं नाव मी लपवलं, तिथेच माझं माणूस मला परत मिळालं.

सगळं परत मिळालं नाही. दळण निवडताना ती गाणी म्हणायची, आता म्हणत नाही. सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. गोळ्या आणायला आम्ही दर महिन्याला यवतमाळला जातो. आजार कुठे ओळखला, असं कोणी विचारलं तर मी ‘नागपूरला’ म्हणून सांगतो.

तुमच्या घरी कोणाला पिठात अळी दिसली, तर एकदा पीठ चाळा. दुसऱ्यांदा दिसली, तर माणसाकडे पाहा.

आजही जेवायला बसलो की सुनंदा थांबते. मी तिच्या भाकरीची कोर मोडतो, खातो. मग ती जेवते.