विधानसभेतल्या शिंका

विधानसभा मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि ती शिंकताना पाहिली. हे सांगितलं की लोकांना वाटतं बाई थापा मारते. मारते मी थापा, नाही असं नाही. पण ही थाप नाही. त्या दिवशी माझ्यासोबत होत्या त्या बायांपैकी काही अजून आहेत. आम्ही कुणाच्या लग्नात भेटलो की एकीनं नुसतं नाक चोळलं तरी पुरतं, मग जेवणाची पंगत उठेपर्यंत आमचं हसू थांबत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात नंदनवनच्या पलीकडे, उमरेड रोडला लागून तेव्हा सगळं मोकळं रान होतं. तिथे एका व्यापाऱ्याचा मिरचीचा सातरा होता. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं आणि खुडायचं मोठं अंगण. भिवापूरकडून मिरची यायची, तिचे लालभडक ढीग पडायचे, आणि आम्ही बाया पोती अंथरून रांगेनं बसायचो आणि एकेका मिरचीचं देठ खुडायचो. पहिले काही दिवस नाकाडोळ्यांना धारा लागतात. मग नाक मरतं. महिन्याभरानं तुमच्यासमोर मिरचीचा अख्खा डोंगर ओतला तरी शिंक येत नाही. हातांचं मात्र तसं होत नाही. हात रोज नव्यानं जळतात.

सातऱ्यावर एक रीत होती. जागेवरून उठलं की आधी पदर झटकायचा, मग ओचा झटकायचा. मांडीवर बी आणि भुकटी साचायची, ती तशीच घरी गेली तर लेकरांच्या डोळ्यांत जायची. मुकादमाची शिट्टी वाजली की सगळी रांग एकदम उभी राहायची आणि एकदम झटकायची. सासू नव्या सुनेला चूल शिकवते तसं आमच्या मावशीनं मला हे शिकवलं होतं. मावशी नात्यातली नव्हे, रांगेतली सगळ्यांत जुनी बाई. मुकादमसुद्धा तिला वचकून असायचा.

माझी मोठी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. दुपारी नणंद तिला पाजायला सातऱ्यावर आणायची. आता पाजायचं कसं? पाणी म्हणजे प्यायच्या पाण्याचा एक रांजण, त्यात हात घालू देत नव्हते. नळ नाही, सुट्टीही नाही. मी दोन्ही हात पाठीमागे धरून बसायची आणि नणंद पोरीला माझ्या छातीशी धरायची. बाकी बाया चेष्टा करायच्या, "पोलिसानं धरली का वं तुले?" मीही हसायची. हसायला माझं काय जातं! पण आपलं लेकरू आपल्याच अंगावर पितं आहे आणि त्याला धरायला दुसरीचे हात, याचा मला फार राग यायचा. मला एक नळ हवा होता, आणि हात धुऊन पोरीला नीट घेता येईल एवढी दुपारची सुट्टी. त्या हिवाळ्यात मला दुसरं काहीही नको होतं.

आमच्या भागाचे आमदार विरोधी पक्षातले. आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो. निवडून येण्याआधी ते हातमागावर लुगडी विणत, त्यामुळे बोलतानाही त्यांचा एक पाय सारखा हलायचा. दुसरे आमदार म्हणे धोरणांवर बोलायचे. भाऊंचे विषय तीन: नळ, एसटी आणि रोजंदारी. दवाखान्यातली बाळंतिणीची खाट मोडकी आहे, हे खरे आहे काय? एसटीच्या थांब्यावर शेड नाही, हे खरे आहे काय? रोजंदारीवरचे सफाई कामगार केस पांढरे झाले तरी रोजंदारीवरच आहेत, हे खरे आहे काय? पेपरवाले त्यांना 'नळवाले आमदार' म्हणायचे. भाऊंना ते फार आवडायचं.

सरकारकडून आलेली छापील उत्तरं भाऊ सातऱ्यावर येऊन आम्हाला वाचून दाखवत. उत्तर बहुतेक ठरलेलं. एक: हे खरे नाही. दोन: प्रश्न उद्भवत नाही. आम्ही पोट धरून हसायचो. पुढे ती आमची बोलीच झाली. मुकादम म्हणायचा, "बाई, तुह्या ढिगात देठं राहिले." मावशी मान वर न करता म्हणायची, "हे खरे नाही."

त्या वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात भाऊंनी आमचा प्रश्न लावला. मिरची सातऱ्यावरील स्त्रियांना हात धुण्यास पाणी व अंगावरील मुलांस पाजण्यास सुट्टी मिळत नाही, हे खरे आहे काय? त्यासाठी त्यांनी एक लांबलचक भाषण पाठ केलं होतं. "आणि तुम्ही सगळ्या वर गॅलरीत बसाल," ते म्हणाले, "मंत्र्याले दिसलं पाहिजे, कोणासाठी बोलून राहिलो ते." पास काढून दिले. आम्हाला आकाश ठेंगणं झालं. मी तर आदल्या दिवशी पोरीला सांगत होते, बाई, उद्या तुझ्या दुधाचा प्रश्न सरकार सोडवणार आहे.

खाडा पडू नये म्हणून सकाळी उजाडताच कामावर गेलो आणि जरा लवकर सुटलो. ठेवणीतली लुगडी सोबत नेली होती, ती खुडलेल्या मिरचीच्या खोपटात खुंट्यांवर टांगून ठेवली आणि तिथेच नेसलो. मावशीनं प्रत्येकीला मागूनपुढून पाहिलं आणि म्हणाली, "झकास! आता वाटता तुम्ही मंत्र्याच्या बायका." नणंद पोरीला घेऊन आली. शहर बसमध्ये चढलो. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता शिंकायला लागला. मग पुढच्या बाकावरचे दोघे. आम्हाला वाटलं, डिसेंबरची थंडी, लोकांना सर्दी झाली आहे.

विधानभवनाच्या दारावर पहारेकऱ्यानं नियम सांगितले. डबा न्यायचा नाही. तंबाखू न्यायची नाही. लहान मूल न्यायचं नाही. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, बोलायचं नाही. मावशीनं विचारलं, "बावा, श्वास घेऊ का?" तो बिचारा म्हणाला, "घ्या." पोरीला घेऊन नणंद बाहेर हिरवळीवर बसली आणि आम्ही जिना चढलो.

आत काय थाट! केवढे पंखे, केवढ्या खुर्च्या, आणि खाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं नुसती फिरून राहिलेली. आम्ही कठड्याशी पहिल्या रांगेत बसलो, बरोबर मंत्र्यांच्या डोक्यावर. भाऊंनी खालून आमच्याकडे पाहून मान हलवली. त्यांचा पाय सुरू झालेला होता.

तेवढ्यात घंटा वाजली. अध्यक्ष आले. सगळे उभे राहिले, म्हणून आम्हीही उभ्या राहिलो. आणि उभ्या राहिलो की आमचे हात काय करतात ते मी वर सांगितलंच आहे. सगळ्यांनी एकदम पदर झटकले, मग ओचे झटकले, आणि शहाण्यासारख्या खाली बसलो. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. खोपटात टांगलेल्या त्या लुगड्यांत किती भुकटी बसली होती हे आमच्या मेलेल्या नाकांना कुठून कळणार!

पहिली शिंक एका म्हाताऱ्या आमदारांची. नंतर त्यांच्या शेजाऱ्याची. मग मंत्र्यांच्या बाकांवरून एकदम तीन-चार. पहिला प्रश्न कसाबसा पार पडला. दुसरा आमचा. भाऊ उठले, प्रश्नाचा क्रमांक म्हणाले. मंत्री उठले. जाडजूड, भारदस्त माणूस, आवाज खणखणीत. "हे खरे नाही," ते म्हणाले. "सदर कामाचा आरोग्यावर कोणताही परि—" आणि अशी शिंक दिली की हातातला कागद उडाला.

मग काही विचारू नका. सत्ताधारी शिंकले, विरोधक शिंकले, लिहून घेणारे शिंकले. सत्ताधाऱ्यांतल्या एकानं ओरडून सांगितलं की हा विरोधकांचा कट आहे, आणि सांगता सांगता तोही शिंकला. अध्यक्ष घंटा वाजवून "शांतता, शांतता" म्हणत होते. तिसऱ्या शांततेला त्यांनाही शिंक आली. अख्ख्या सभागृहात न शिंकणाऱ्या आम्हीच, रांगेनं, देवळातल्यासारख्या गंभीर बसलेल्या. मावशी माझ्या कानात म्हणाली, "अवो, या मोठ्या लोकायले एकदम सर्दी काहून झाली वं?" आणि तेव्हा माझी नजर कठड्यावर गेली. तिथे मिरचीचं बी पडलेलं होतं. हसू दाबायला मी तोंडात पदर कोंबला.

कामकाज तहकूब झालं. पहारेकरी आम्हाला खाली व्हरांड्यात घेऊन आले. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "काय टाकलं खाली?"

"काही नाही गा," मावशी म्हणाली, "आम्ही नुसत्या उभ्या राहिलो."

तो डोळे पुसत म्हणाला, "झालं मग. प्रश्नांचा तास तहकुबीतच संपत चालला. तासात उत्तर नाही झालं, तर तुमच्या आमदाराला पुढे काही विचारता येत नाही. छापील उत्तर तेवढं राहते."

माझं हसू तिथेच संपलं. छापील उत्तर काय होतं ते मी आत्ताच ऐकलं होतं. हे खरे नाही.

एवढ्यात ते मंत्रीच व्हरांड्यात आले. मागे दोन माणसं. डोळे लाललाल, आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळत होते. मला राहवलं नाही. मी ओरडले, "अवो साहेब, चोळू नका! अजून भडकन! आधी हाताले तेल लावा!"

सगळे थबकले. मंत्री डोळे मिटूनच म्हणाले, "कसलं तेल?"

"कोणतंबी गोडं तेल. मग साबण, मग पाणी. नुसत्या पाण्यानं नाही जात."

पहारेकरी धावत कँटीनमध्ये गेला आणि वाटीभर तेल घेऊन आला. मंत्र्यांनी माझ्यासमोर हाताला तेल चोळलं, साबण लावला, व्हरांड्यातल्या नळाखाली हात धुतले, मग डोळ्यांवर पाणी मारलं. एक जण टॉवेल धरून उभा. सोनकेळ्यासारखा पिवळा, मऊ टॉवेल. तो टॉवेल पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्याजवळ नळ आहे. तेल आणाले माणूस आहे, टॉवेल धराले माणूस आहे. मले तीन महिन्यांची पोरगी आहे, ती बाहेर बसून राहिली. या हातानं मी तिले कशी घेऊ, ते सांगा. नाही तर पुन्हा आत जाऊन म्हणा, हे खरे नाही."

मावशीनं मला चिमटा काढला. मंत्र्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. टॉवेल परत दिला आणि आत गेले.

तास संपायच्या आत घंटा वाजली आणि कामकाज पुन्हा सुरू झालं. आम्हाला परत वर जाऊ दिलं नाही. पण दारावरचा शिपाई भला निघाला. तो आत डोकं घालायचा आणि बाहेर येऊन सांगायचा. "तुमचे भाऊ उठले." पुन्हा आत. "भाऊ म्हणतात, मंत्रिमहोदयांच्या डोळ्यांत पाणी आहे, ते कामगार भगिनींसाठी आहे असं समजू का?" आम्ही खिदळलो. पुन्हा आत. "मंत्री म्हणतात, नळ देण्यात येईल आणि दुपारची सुट्टीही देण्यात येईल." आम्ही एकमेकींचे दंड धरले. "भाऊ म्हणतात, केव्हा?" "मंत्री म्हणतात, लवकरच." "भाऊ म्हणतात, मिरची संपायच्या आधी की नंतर?" यावेळी शिपाई बराच वेळ बाहेर आला नाही. मी बोटं चावणार होते, पण त्या बोटांना चावायची सोय नव्हती. मग तो आला आणि म्हणाला, "आधी."

मावशीनं त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. गाल मिरचीचा झाला. पोरगा दिवसभर आठवण काढत असेल.

भाऊ मात्र आमच्यावर रुसले. कट नव्हता हे पटवून देताना त्यांना सभागृहात दिलगिरी व्यक्त करावी लागली होती; पण त्यांचा खरा राग वेगळाच होता. "इतकं भाषण पाठ केलं होतं मी, आणि तुम्ही मले ते बोलूच नाही दिलं!" म्हणून दुसऱ्या दिवशी ते सातऱ्यावर आले, एका पोत्यावर उभे राहिले आणि ते सबंध भाषण आम्हाला ऐकवलं. कामगार, हक्क, राज्यघटना, सगळं. दर वाक्याला शिंकत होते. एवढं चांगलं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही.

नळ शिमग्याच्या थोडा आधी आला, ढीग अजून शिल्लक होते तेव्हा. पाणी दुपारीच यायचं, तेही कुरकुरत. मुकादमानं शिट्टी वाजवली, तोंड वाकडं करून म्हणाला, "जा, सुट्टी." मी तेल चोळलं, साबण लावला, धुतलं, पुन्हा तेल चोळलं, पुन्हा धुतलं. मागच्या बाया ओरडत होत्या, "नळ घरी नेतं का वं?" मग मी नणंदेकडून पोरीला घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं. ती पिता पिता थांबली, माझं बोट धरलं आणि तोंडात घातलं. मी घाबरून तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती चोखत होती, आणि रडली नाही.