दीड महिना आत्याची बोलणी

हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, कारण गाढवपणा माझाच हाय आणि मी तो पुरता सांगणार हाय. चहा येईस्तोवर ऐका.

मी मिलिटरीत भरती झालतो. पळणं, छाती, मेडिकल, पेपर, सगळं पास. ट्रेनिंगला दीड महिना बाकी होता. आई-बाप ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलते अन् मी तलवाड्याजवळ आमच्या गावात पारूआत्याकडं राहत होतो. पाठीवर वाळूचं पोतं बांधून पळायचो, दंड-बैठका काढायचो. अंग तयार होतं. खोट एकच, माझं तोंड. कुणी एक बोललं की मी दोन परत द्यायचो. मास्तराला दिली, मुकादमाला दिली, एकदा वरातीत नवरदेवालासुद्धा दिली.

सुट्टीवर आलेल्या बाळू फौजीनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तिथं कवायत शिकवणारा उस्ताद सात पिढ्यांचा उद्धार करल. ताठ उभं ऱ्हायचं, नजर समोर, तोंडातून शब्द न्हाई. उलट बोललास की बिस्तरा बांधून घरी."

घरी? गावानं हार-नारळ देऊन माझा सत्कार केलता! परत आलो असतो तर तोंड कुठं लपवलं असतं?

मग मला अक्कल सुचली. अंगाचा सराव करतो, तसा बोलणी खायचा सराव का करू नये? अन् त्यासाठी आत्यापेक्षा मोठा उस्ताद पंचक्रोशीत होता कुठं?

आत्या काय चीज होती, हे सांगायलाच पाहिजे. वीस साल ऊस तोडलेली बाई. त्या साली दुष्काळ होता, पाण्याचा टँकर यायचा तीन-चार दिवसांनी, अन् दीडशे घागरींची रांग ती एकटी सांभाळायची. सरपंचाची घागर पुढं घुसली तर उचलून मागं ठेवायची, एकट्या म्हातारीची असली तर पुढं आणायची. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की टँकरचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून उभा राहायचा. घाण शिवी मात्र एक न्हाई बरं का. अन् आज वापरलेला शब्द महिनाभर परत यायचा न्हाई. मला त्या बाईचा लई अभिमान होता, आजही हाय.

आधी ती तयारच होईना. म्हणाली, काही केलं नसताना लेकराला कसं बोलू? पण माझी नोकरी त्यावर हाय म्हणल्यावर तिनं पदर खोचला. जागा मीच ठरवली, दूध सोसायटीसमोरची. सकाळी सगळं गाव तिथं दूध घालायला येतं, अन् चारचौघांत अपमान झाल्याशिवाय मन घट्ट होत न्हाई, असा माझा सिद्धांत. कुणाला खरं सांगायचं न्हाई, हीही अट माझीच.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. "चुलीतलं वलं लाकूड हायस तू. जळत न्हाईस अन् धूर तेवढा काढतूस." मी ताठ. नजर समोर.

पहिल्या दिवशी लोक मधे पडले. चौथ्या दिवशी विचार करायला लागले. जो पोरगा मुकादमाला सोडत न्हाई तो गप ऐकून घेतो, म्हणजे भानगड नक्की हाय. आठव्या दिवशी भानगडही ठरली. मी म्हणे सोसायटीच्या दुधात पाणी घालताना सापडलो! माझ्या कानावर आलं, तरी मी गप. उलट खूश झालो, सराव रंगात आलाय म्हणून.

अन् एका सकाळी माझ्या चारित्र्याच्या चौकशीला पोलीस जमादार आले. त्यांनी होय म्हणून लिहिलं तरच मिलिटरी मला घेणार. नेमके दुधाच्या वेळेला आले. चौघांना विचारलं. चौघंही म्हणाले, पोरगं चांगलं हाय, पण... अन् पुढं मान खाली.

जमादार तडक माझ्यासमोर. "काय बे, दुधात पाणी घातलंस?"

खरं सांगू? मला वाटलं बाळूनंच परीक्षा घ्यायला पाठवलाय. मी ताठ, नजर समोर. त्यांचा आवाज जसा चढला, तसा मी जास्तच ताठ झालो. त्यांनी कागद काढला, पेन उघडला.

तेवढ्यात आत्या पुढं आली. कधी नव्हे ती हळू बोलली. हा सगळा सराव हाय, पोराच्याच सांगण्यावरून मी बोलते, असं तिनं सांगितलं. जमादार नुसतेच हसले. मग टँकरच्या आशेनं बरोबर आणलेली रिकामी घागर तिनं त्यांच्यापुढं उलटी धरली.

"दादा, टँकर येऊन चार दिस झाले. पाणी चोरलं म्हणला असता तर मी पण मानलं असतं. पण ह्या सालात दुधात पाणी घालायला पाणी हाय कुठं? आमच्यात दूध रोज निघतं. पाणी न्हाई."

सगळी रांग हसली, जमादारही हसले. कागदावर 'वर्तन चांगले' लिहिलं अन् मला विचारलं, "मग तू कावून बोलला न्हाईस?"

मी आत्याकडं बघितलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

सराव शेवटपर्यंत चालू ठेवला अन् महिन्यानं ट्रेनिंगला पोचलो. पहिल्याच सकाळी मैदानावर उस्ताद सुरू झाले. आमच्या चालण्याचा, खाण्याचा, वाडवडलांचा उद्धार. त्या आख्ख्या रांगेत पुरी तयारी करून आलेला मी एकटा.

उस्ताद माझ्या नाकासमोर आले. दम न घेता बोलत होते, एक शब्द दुसऱ्यांदा येत नव्हता. अन् मला एकदम सोसायटीसमोरची सकाळ आठवली. आत्या आठवली. परक्या मुलखात कुणीतरी घरच्यासारखं बोलत होतं.

मी ताठच होतो. नजर समोर, तोंडातून शब्द न्हाई. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पन्नास पोरांत पहिल्या पाच मिनिटांत रडलेला गडी एकच निघाला, अन् तो दीड महिना तयारी करून गेलता.