शिवलेले खिसे

लेकीच्या नव्या कोटाचे दुकानातूनच शिवून आलेले खिसे आज उसवताना पेरुंगुडीच्या घरमालकीणबाई आठवल्या. तंजावरकडच्या मराठी, घरात एकट्याच. वीस वर्षांपूर्वी मी कंपनीच्या कामासाठी म्युनिकला जायची तयारी करत होतो, तेव्हा त्यांनी आपल्या दिवंगत यजमानांचा लोकरी कोट आणून दिला. चेन्नईच्या घामात मी तो अंगात चढवला. डांबरगोळ्यांचा वास आला. खिशात हात जाईना.

“मामी, खिसे शिवलेलेच आहेत की!”

“जर्मनीला जायच्या दिवशी उसवू म्हणाले होते. जाणं झालंच नाही. तू उसव.”

मी घाईघाईत कात्री चालवली. त्या खाली बसल्या आणि फरशीवरचा एकेक दोरा वेचून मुठीत घेऊ लागल्या.

बाईंना स्वच्छतेची भारी हौस, असं मला तेव्हा वाटलं होतं.