रफीकभाईंची बॅटरीवाली सायकल

मंडळी, आज सकाळी माझ्यावर घोर अन्याय झाला. रेल्वे पुलाच्या चढावर मी घामाने निथळत सायकल रेटत होतो आणि शेजारचे रफीकभाई कोरड्या कपाळाने पुढे निघून गेले. वर सलामही केला!

त्यांच्या जावयाने परदेशातून बॅटरीची सायकल आणली आहे. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच. वीज तयार होते आमच्या चंद्रपुरात, भारनियमन माझ्या वाट्याला आणि वीज रफीकभाईंच्या चाकात!

दुपारी मी अगदी सहज वाटावं अशा सुरात त्यांच्याकडे एक चक्कर मागितली. जन्मभर चढतो तसाच चढलो, डावा पाय पायडलवर आणि उजव्याने लंगडी. वजन पडताच सायकल हातातून सुसाट सुटली आणि गेटवर आदळली.

"अरे भाऊ, पायडलपाशी सेन्सर आहे! पाय जितका जोर लावते, मोटर तितकी मदत करते. तुमी तर आख्खे उभे राह्यले. तिले वाटलं, घाट चढून राह्यले!"

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमीच म्हटलं ना, मले सायकल शिकवता का?"

घंटी फुटली होती. "जाऊ द्या, घंटीच तर होती," ते म्हणाले. या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

खरं सांगा, शेजाऱ्याची नवी वस्तू पाहून तुमच्या पोटात दुखत नाही?

संध्याकाळी ते नमाजला गेल्यावर मी माझ्या सायकलची घंटी काढून त्यांच्या हँडलला बसवली. एकदा वाजवून पाहिली. माझ्याकडे असताना ती एवढी गोड कधीच वाजली नव्हती.